लुआ आणि सुईचं नेढं

1992 साली ब्राझीलच्या पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतले अभियंते दिवसातून अनेकदा एक कंटाळवाणं काम करत असत. त्यांचे सिम्युलेशन प्रोग्राम जुने होते आणि त्यांना माहिती हवी असे ती पंचकार्डांच्या काळातल्या शिस्तीत. आकड्यांचे नुसते रकाने, ठरलेल्या जागी ठरलेला आकडा, आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय हे कुठेच लिहिलेलं नाही. एक आकडा चुकून शेजारच्या रकान्यात गेला की सगळं मुसळ केरात. कंपनीने रिओ दि जानेरोच्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठातल्या 'टेकग्राफ' या गटाकडे मागणी केली की ही माहिती पडद्यावर चित्ररूपाने भरता येईल असे किमान डझनभर प्रोग्राम करून द्या.

टेकग्राफची स्थापनाच मुळी 1987 मध्ये पेट्रोब्रासच्या संशोधन केंद्राशी भागीदारीतून झाली होती. पण हे काम त्यांच्याकडे येण्यामागे नुसती ओळख नव्हती. 1977 ते 1992 या काळात ब्राझीलमध्ये संगणकांसाठी 'राखीव बाजार' हे धोरण होतं. परदेशी यंत्रं आणि परदेशी सॉफ्टवेअर आणायचं तर देशातली कुठलीही कंपनी आपली गरज भागवू शकत नाही हे आधी सरकारदरबारी सिद्ध करावं लागे. भारतीय वाचकाला ही हवा अनोळखी वाटू नये. आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1978 मध्ये, आयबीएमने गाशा गुंडाळला तो याच वळणाच्या कायद्यामुळे. अशा धोरणांनी देशाचं किती भलं झालं यावर दोन्हीकडे अजून वाद होऊ शकतो. रिओत मात्र त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जे विकत आणणं अवघड, ते स्वतः लिहायची सवय लागली. धोरण 1992 मध्ये संपलं, सवय राहिली.

टेकग्राफमध्ये तेव्हा दोन छोट्या भाषा तयार झाल्या. लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि त्यांच्या सहकाऱ्याने 'डेल' नावाची भाषा केली. कुठली माहिती हवी, कुठला आकडा कुठल्या मर्यादेत असावा, हे तिच्यात लिहायचं. त्याच सुमारास रोबेर्तो इयेरुसालिम्स्की आणि वाल्डेमार सेलेस हे खडकांच्या थरांचे अहवाल काढणाऱ्या प्रोग्रामसाठी 'सोल' नावाची भाषा रचत होते. दोन्ही भाषा स्वतः काहीच चालवत नसत. मुख्य प्रोग्राम सी भाषेत, आणि ही छोटी भाषा त्याच्या पोटात.

लवकरच अभियंत्यांची भूक वाढली. नुसतं वर्णन पुरेना. अट हवी, फेरा हवा, स्वतःचं फंक्शन हवं. 1993 च्या मध्यावर तिघे एकत्र बसले आणि डेल आणि सोल या दोन्हींच्या जागी एकच पूर्ण भाषा करायची असं ठरलं. इयेरुसालिम्स्की संगणकशास्त्रज्ञ, फिगेरेदो गणिती, सेलेस अभियंते. सोल म्हणजे सूर्य, म्हणून एका मित्राने नव्या भाषेला चंद्राचं नाव सुचवलं: लुआ. तिची पहिली आवृत्ती 28 जुलै 1993 या तारखेची आहे. ती टेकग्राफबाहेर गेलीच नाही.

तयार भाषा का घेतली नाही, हा प्रश्न रास्त आहे. कारण तयार भाषा होती. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट हे सर्किटच्या आराखड्यांची साधनं लिहीत असत, आणि प्रत्येक साधनासाठी दर वेळी एक नवी, अर्धीकच्ची आज्ञाभाषा तयार होत असे. त्याला कंटाळून 1988 मध्ये त्यांनी 'टिकल' ही भाषा लिहायला घेतली. कुठल्याही सी प्रोग्रामला जोडता येईल असं तयार लायब्ररीच्या रूपातलं इंटरप्रिटर, ही कल्पना खरी त्यांची. टिकलमध्ये सीचं फंक्शन बोलावणं विलक्षण सोपं होतं, कारण तिच्यात प्रत्येक मूल्य म्हणजे अक्षरांची ओळ. सीच्या 'मेन' फंक्शनला आज्ञेतले शब्द जसे मिळतात, तसेच ते टिकलच्या प्रत्येक सी फंक्शनला मिळत. संख्या, यादी, प्रोग्रामचा तुकडा, सगळं शब्दच. हे सोपेपण महागही पडायचं. फेऱ्यात एक मिळवायचा तरी ओळीची संख्या करा, मिळवा, पुन्हा ओळ करा. 1997 च्या 8.0 आवृत्तीत मूल्यांना दुहेरी रूप देऊन हे दुखणं बरंचसं दूर झालं, पण रिओतल्या मंडळींना 1993 मध्ये त्याचा उपयोग नव्हता. शिवाय टिकल तेव्हा फक्त युनिक्सवर चालायची, माहितीचं वर्णन करायला तोकडी होती आणि तिचं रूप अभियंत्यांना अनोळखी होतं. लिस्प आणि स्कीम कंसांमुळे बाद. पायथन अजून बाल्यावस्थेत. आणि खरं सांगायचं तर टेकग्राफमध्ये भाषा स्वतः करण्याची खुमखुमीही होतीच.

लुआमध्ये संख्या ही संख्या होती, ओळ ही ओळ, आणि 'टेबल' नावाचा एकच साठा सगळ्या रचनांसाठी. म्हणजे टिकलची पळवाट बंद. सीला मूल्याचा प्रकार आधी ठरवून हवा असतो. लुआत प्रकार मूल्याबरोबर चालतो, आणि तेच नाव आत्ता संख्या तर पुढच्या ओळीत टेबल दाखवू शकतं. सीमध्ये मेमरी मागायची आणि परत करायची जबाबदारी लिहिणाऱ्याची. लुआत कचरा गोळा करणारा वेगळा, आणि तो कधी येईल हे सीला कळत नाही. या दोन जगांमध्ये मूल्याची देवाणघेवाण कशी करायची, या प्रश्नावर लुआच्या कर्त्यांनी पुढची पंधरा-वीस वर्षं जितकं डोकं खाजवलं, तितकं व्याकरणावर क्वचितच.

पहिलं उत्तर सरळ होतं. समजा, लुआतून साइन काढायचा आहे. सीमध्ये एक छोटं फंक्शन लिहायचं. त्याने लुआकडे पहिला पॅरामीटर मागायचा, तो संख्या आहे का ते तपासायचं, संख्या काढून घ्यायची, सीच्या गणिताच्या लायब्ररीतलं साइन फंक्शन बोलवायचं आणि उत्तर लुआकडे ढकलायचं. मग हे फंक्शन 'साइन' या नावाने नोंदवलं की लुआत लिहिणाऱ्याला ते घरचंच वाटतं. एक गमतीची गोष्ट अशी की हे साइन 4.0 आवृत्तीपर्यंत कोन अंशांत घेत असे, सीसारखं रेडियनमध्ये नाही. गिऱ्हाईक कोण होतं ते यावरून कळतं. 5.0 मध्ये रेडियन आले.

मागितलेला पॅरामीटर सीच्या हाती कुठल्या रूपात येतो, इथे खरी मेख होती. सुरुवातीला तो लुआच्या आतल्या मूल्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर असे. सीच्या प्रोग्रामरने तो एखाद्या चलात ठेवून दिला, आणि मध्येच कचरा गोळा करणाऱ्याने येऊन ते मूल्य उचललं, तर हाती उरलेला पॉइंटर कशाकडे बोट दाखवणार? अशी चूक आज चालते, उद्या चालते आणि परवा ग्राहकाच्या यंत्रावर फुटते. पुढच्या आवृत्त्यांत सीला दिलेली मूल्यं ते फंक्शन संपेपर्यंत लुआच्या स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या मूल्यांच्या चळतीवर, धरून ठेवायची पद्धत आली, म्हणजे तोवर त्यांना कुणी हात लावणार नाही. पण एखाद्या प्रोग्रामचा मुख्य फेरा सीमध्येच असेल, तो कधी संपतच नसेल, तर धरून ठेवलेली मूल्यं साठत जाणार. मग 'इथून इथपर्यंतचं सोडून दे' असं सांगणारी आणखी दोन फंक्शनं जोडावी लागली. एका गाठीवर दुसरी गाठ.

1994 च्या जुलैमध्ये 1.1 आवृत्ती बाहेरच्या जगासाठी खुली झाली. शिक्षणासाठी फुकट, धंद्यासाठी वापरायची असेल तर बोलणी करा, अशी अट होती. बोलणी करायला फारसं कुणी आलं नाही. टिकल फुकट मिळत असताना येणार तरी कशाला? फेब्रुवारी 1995 च्या 2.1 आवृत्तीपासून लुआ सर्वांसाठी मोकळी झाली. डिसेंबर 1996 च्या 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' या अमेरिकन मासिकात तिघा कर्त्यांचा लेख आला आणि जानेवारी 1997 मध्ये लुकासआर्ट्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीतून ब्रेट मोगिलेफ्स्की यांचं पत्र. ते 'ग्रिम फँडँगो' या साहसखेळाचे मुख्य प्रोग्रामर होते. कंपनीची जुनी 'स्कम' ही भाषा बाजूला ठेवून तिच्या जागी लुआ बसवायची असं त्यांनी ठरवलं होतं. खेळ 1998 मध्ये आला. तेलविहिरींसाठी जन्मलेली भाषा मेलेल्यांच्या दुनियेतल्या एका प्रवासी एजंटाची गोष्ट चालवू लागली, आणि खेळांच्या धंद्यात हे नाव तोंडोतोंडी झालं. पुढे 2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये खेळाडूंनी स्वतःच्या पडद्याची रचना बदलायला लुआ वापरली, आणि प्रोग्रामिंगचा गंध नसलेली कित्येक मुलं तिथेच प्रोग्रामर झाली.

खेळवाल्यांच्या गरजा वेगळ्या होत्या. त्यांना एकाच प्रोग्राममध्ये लुआच्या अनेक, एकमेकींपासून तुटक प्रती हव्या असत. आधीच्या आवृत्त्यांत लुआची सगळी अवस्था सीच्या सार्वत्रिक चलांत पसरलेली होती, त्यामुळे हे नीट जमत नसे. नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीने सीकडचा सगळा भाग नव्याने मांडला. इथून पुढे प्रत्येक फंक्शनचा पहिला पॅरामीटर म्हणजे लुआची एक अवस्था. सीच्या हाती लुआचं मूल्य आता कुठल्याच रूपात येणार नव्हतं. दोघांच्या मध्ये फक्त एक स्टॅक. लुआने फंक्शन बोलावलं की पॅरामीटर त्या फंक्शनच्या स्वतःच्या स्टॅकवर एकापासून क्रमाने मांडलेले असतात. सीने 'पहिल्या जागी जे आहे त्याची संख्या दे' असं म्हणायचं, उत्तरं वर ढकलायची आणि शेवटी आपण किती उत्तरं ठेवली तो आकडा परत करायचा. वरून मोजायचं तर उणे एक, उणे दोन. स्टॅकवर आहे तोवर मूल्य सुरक्षित, खाली उतरलं की सीचा त्याच्याशी संबंध संपला. जुना कोड मोडला, लोकांनी कुरकुर केली, पण गाठी सुटल्या.

या पद्धतीने पहिल्यांदा लिहिताना वैताग येतो, हे कबूल करायला हवं. एका टेबलातल्या एका नावाचं मूल्य हवं असेल तर टेबल वर ठेवा, मग नाव विचारा, मग उत्तर उचला, मग उरलेलं काढून टाका, आणि या सगळ्यात वरून कितव्या जागी काय आहे ते डोक्यात धरा. एखादी ओळ लुआकडून घेतली तर तिचा पॉइंटर ती स्टॅकवर असेपर्यंतच खरा, हेही विसरून चालत नाही. सरळ 'लुआचं टेबल' असा सीमधला एक प्रकार का देत नाहीत, असं कुणालाही वाटेल. तो दिला की कचऱ्याचा जुना प्रश्न पुन्हा दारात. माझ्या मते स्टॅकचा निर्णय हा लुआच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण त्याने बाहेरून त्रासदायक वाटणारी, पण आत काहीही बदललं तरी टिकणारी हद्द आखली. 2003 मध्ये 5.0 आली तेव्हा आतलं यंत्र पूर्ण बदललं, स्टॅकवर चालणाऱ्या आज्ञांच्या जागी रजिस्टरवर चालणाऱ्या आज्ञा आल्या. सीकडून दिसणारा स्टॅक होता तसाच राहिला.

तिन्ही कर्त्यांनी 2011 मध्ये एका लेखात या सगळ्याचा हिशेब मांडला आणि त्याला सुईच्या नेढ्याची उपमा दिली. लुआतली प्रत्येक गोष्ट सीकडे जाणाऱ्या त्या नेढ्यातून ओवता आली पाहिजे. जी ओवता येत नाही ती भाषेतच घ्यायची नाही. इतर भाषांत चूक पकडायला खास व्याकरण असतं. व्याकरण नेढ्यातून जात नाही, फंक्शन जातं. म्हणून लुआत चूक पकडायचं काम एक साधं फंक्शन करतं, 'पीकॉल', आणि तेच फंक्शन सीकडूनही बोलावता येतं. अक्षरांच्या ओळीचा प्रोग्राम करून चालवायचा तर तेही फंक्शन, 'लोड'. भाषा बारीक राहिली ती निव्वळ साधेपणाच्या हौसेने नव्हे. नव्या गोष्टीवर तिघांचंही एकमत हवं असा त्यांचा नियम होता, आणि नेढं हा जणू चौथा सभासद, सर्वांत हट्टी.

दोन ठिकाणी धागा अडकला. लुआ शुद्ध सीमध्ये लिहिलेली, त्यामुळे चूक झाली की ती सीच्या 'लाँगजंप'ने थेट वरच्या पातळीवर उडी मारते. मधल्या सी फंक्शनला निरोपही मिळत नाही. त्याने 'मॅलॉक'ने मेमरी घेतली असेल तर ती तशीच वाऱ्यावर. अनुभवी लोक म्हणून अशी मेमरी लुआकडूनच 'युजरडेटा'च्या रूपात घेतात, म्हणजे कचरा गोळा करणारा ती कधीतरी उचलतोच. दुसरी अडचण 5.0 मधल्या कोरुटीनची. लुआचं फंक्शन मध्येच थांबवून नंतर तिथूनच पुढे नेता येतं. पण लुआने सीला बोलावलं, सीने पुन्हा लुआला बोलावलं आणि ती आतली लुआ थांबू म्हणाली, तर मधल्या सीचं काय? सीला अर्ध्यात थांबणं येत नाही. 'सीच्या हद्दीपलीकडे थांबता येत नाही' अशा अर्थाचा तो संदेश लुआ वापरणाऱ्यांच्या एका पिढीने पडद्यावर पाहिला आहे. डिसेंबर 2011 च्या 5.2 आवृत्तीत यावर तोड निघाली. सी फंक्शनने बोलावताना, मध्ये थांबावं लागलं तर परतल्यावर कुठल्या दुसऱ्या फंक्शनपासून सुरू करायचं, ते आधीच सांगून ठेवायचं.

ढकला-उचला लिहायचा कंटाळा यंत्रावर सोपवण्याचे प्रयत्न तोवर जगभर चालू होतेच. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली यांना रेणूंच्या हालचालींचा एक भला मोठा सी प्रोग्राम भौतिकशास्त्रज्ञांच्या हाती द्यायचा होता. त्यासाठी 1995 मध्ये त्यांनी 'स्विग' सुरू केलं. सीमधल्या घोषणा वाचून टिकल, पर्ल, पायथन यांच्यासाठी जोडकोड आपोआप लिहिणारं साधन. लुआसाठी सेलेस यांनीच 'टूलुआ' केलं. दोन्हींत कोड यंत्राने लिहिलेला, पण वाट तीच, नेढ्यातूनच.

नेढं ओलांडायचा धीट प्रयत्न माइक पॉल यांचा. त्यांनी एकट्याने लिहिलेली 'लुआजिट' ही लुआचा कोड चालता चालता थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरवते. 2011 च्या आरंभी त्यांनी तिला 'एफएफआय' जोडली. लुआच्या प्रोग्राममध्येच सीची घोषणा जशीच्या तशी अक्षरांत लिहायची आणि ते सी फंक्शन सरळ बोलवायचं. जोडकोड नाही, स्टॅक नाही, सीचं एक अक्षर वेगळं लिहायचं नाही. लुआजिटच्या आत सीच्या घोषणा वाचणारा एक छोटा पार्सर असतो, आणि अनेकदा अशी हाक सीमधून सीला मारलेल्या हाकेइतकीच स्वस्त पडते. किंमत वेगळीकडे मोजावी लागते. घोषणेत प्रकार चुकीचा लिहिला, पॉइंटर एक पाऊल पुढे सरकवला, की लुआची चूक पकडणारी यंत्रणा काही करू शकत नाही, आख्खा प्रोग्रामच कोसळतो. लुआ हाती देण्यामागे 'नवशिक्याने काहीही लिहिलं तरी मुख्य प्रोग्राम जिवंत राहावा' हा जो हेतू, तो इथे सोडावा लागतो.

रिओच्या लुआने एफएफआय घेतली नाही. कारण तात्त्विक नाही, सीचंच आहे. किती आणि कुठल्या प्रकारचे पॅरामीटर हे प्रोग्राम चालू असताना कळणार असेल, तर ती हाक प्रमाण सीमध्ये लिहिताच येत नाही. कुठला पॅरामीटर कुठल्या रजिस्टरमध्ये जातो, हे प्रत्येक प्रोसेसरचं आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टमचं वेगळं असतं. पायथनने 2006 मध्ये 'सीटाइप्स' घेतलं ते 'लिबएफएफआय'च्या भरवशावर, आणि त्या लायब्ररीत प्रत्येक यंत्रासाठी असेंब्लीचा वेगळा तुकडा आहे. लुआ मात्र जिथे सीचा कंपायलर आहे तिथे चालली पाहिजे, हा टेकग्राफच्या दिवसांपासूनचा दंडक. ग्राहकांकडे तेव्हा नाना जातींची यंत्रं होती.

नेढं बारीक असल्याचा एक फायदा 2013 मध्ये दिसला. त्या वर्षी विकिपीडियावर साचे लिहिण्यासाठी लुआ उपलब्ध झाली. विकिपीडियावर कोड कोण लिहिणार, तर कुणीही, आणि तो चालणार विकिपीडियाच्या सर्व्हरवर. म्हणून पीएचपीला जोडलेल्या एका सी एक्स्टेंशनच्या आत लुआ 5.1 बंदिस्त केली आहे. मेमरीला मर्यादा, वेळेला मर्यादा, फाइली उघडणारी फंक्शनं मुळात दिलेलीच नाहीत. स्टॅकवरून जे बाहेर जाऊ दिलं तेवढंच जातं. मराठी विकिपीडियावरच्या लुआ लिहिणाऱ्याला मात्र एक अडचण लगेच जाणवते. लुआ ओळीतली अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते. 'मराठी' या शब्दाची लांबी तिला विचारली तर ती पंधरा सांगते, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. म्हणून तिथे युनिकोड जाणणारी फंक्शनं वेगळी दिली आहेत. साच्यातून त्यांना हाक मारली की शब्द लुआच्या स्टॅकवर चढतो, सीमधून पलीकडे पीएचपीत जातो, आणि परत येताना उत्तर पाच असतं.